दोर सैल सोडणारा हात

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हुकूमशहांविषयी आपण पुष्कळ वाचलेले असते. त्यांची भाषणे, त्यांचे गणवेश, त्यांच्या लहरी, त्यांचा शेवट. त्यांच्या मंत्र्यांची नावे मात्र सहसा कुणाला आठवत नाहीत. स्पेनमध्ये जनरल फ्रान्सिस्को फ्रँकोची सत्ता १९३९ पासून १९७५ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे टिकली. इतकी वर्षे एक देश एकट्या माणसाच्या हुकमावर चालत नाही. रोज सकाळी कुणाला तरी कचेरीत बसून फायली निकालात काढाव्या लागतात, कायद्यांचे मसुदे करावे लागतात, परदेशी वार्ताहरांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. हे काम करणाऱ्यांत काही निव्वळ होयबा असतात, काही पैशासाठी आलेले असतात. त्यांच्याविषयी मत बनवायला फार विचार लागत नाही. विचार करायला लावतो तो बुद्धिमान, कष्टाळू, सुधारणेची इच्छा मनापासून बाळगणारा मंत्री. आज मी अशाच एका मंत्र्याविषयी बोलणार आहे. त्याचे नाव मानुएल फ्रागा इरिबार्ने. १९६२ ते १९६९ या काळात तो फ्रँकोच्या मंत्रिमंडळात माहिती आणि पर्यटन खात्याचा मंत्री होता.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांचे सगळे आयुष्य वृत्तपत्रात गेले. वृत्तपत्रांसाठी कायदा लिहिणाऱ्या मंत्र्याची गोष्ट त्यांच्या नावाने सांगावी, असे मला मनापासून वाटले.

फ्रागाचा जन्म २३ नोव्हेंबर १९२२ चा, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियात, विलाल्बा या गावी. गॅलिसिया म्हणजे पावसाचा, लहान लहान शेतांचा आणि पोटासाठी अमेरिका खंडाकडे निघून जाणाऱ्या माणसांचा मुलूख. फ्रागाचे आईवडीलही क्यूबाला गेले होते आणि त्याच्या बालपणाची काही वर्षे तिथेच गेली. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तो कुणाशी लढला नाही. विजेत्यांच्या, म्हणजे फ्रँकोच्या, राज्यात तो शिकला आणि त्या राज्याने घेतलेल्या सगळ्या परीक्षांत पहिल्या रांगेत आला. स्पेनमधल्या वरिष्ठ सरकारी पदांच्या स्पर्धा परीक्षा अतिशय कठीण मानल्या जातात. उमेदवार वर्षानुवर्षे घोकंपट्टी करतात. फ्रागा त्या एकामागून एक सर करत गेला. १९४५ मध्ये तो संसदेत कायदा अधिकारी झाला, १९४७ मध्ये परराष्ट्र सेवेत निवडला गेला, १९४८ मध्ये वालेन्सिया विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि पुढे माद्रिदला आला. त्याची स्मरणशक्ती आणि कामाचा उरक यांच्या कथा स्पेनमध्ये आजही सांगतात. त्याचा कट्टर विरोधक, समाजवादी पंतप्रधान फेलिपे गोन्सालेस, एकदा म्हणाला होता की या माणसाच्या डोक्यात आख्खे राज्य मावते.

अशा माणसाला विद्यापीठात मानाने जगता आले असते. इतर काही प्राध्यापकांनी तो मार्ग पत्करलाही. फ्रागाला राज्य चालवायचे होते, आणि त्याच्या तारुण्यात स्पेनमध्ये एकच राज्य उपलब्ध होते. ते आतून बदलता येईल अशी त्याची श्रद्धा होती. ही श्रद्धा ढोंगी होती असे मला वाटत नाही. म्हणूनच ती तपासली पाहिजे.

१९६२ च्या उन्हाळ्याकडे येऊ. स्पेनचा शेजारी पोर्तुगाल, तिथेही सालाझारची हुकूमशाही. तिच्या ताब्यातून गोवा मुक्त होऊन अजून सात महिने झाले नव्हते. स्पेनमध्ये वसंत ऋतूत अस्तुरियासच्या कोळसा खाणींमध्ये मोठा संप झाला होता. फेब्रुवारीत स्पेनने युरोपीय आर्थिक समुदायाशी बोलणी सुरू करण्याची विनंती केली होती. जूनमध्ये म्युनिकला स्पेनच्या आतले आणि बाहेरचे विरोधक एकत्र जमले आणि लोकशाही आल्याशिवाय स्पेनला युरोपात घेऊ नका असे म्हणाले. फ्रँको संतापला. परतलेल्या पुढाऱ्यांना त्याने हद्दपार केले, वृत्तपत्रांतून त्यांच्यावर गलिच्छ मोहीम चालवली गेली. त्या मोहिमेने परदेशात स्पेनची आणखीच नाचक्की झाली. तेव्हा माहिती खात्यावर गाब्रिएल आरियास-सालगादो होता. सेन्सॉरशिपमुळे आपण माणसांचे आत्मे नरकापासून वाचवतो, असे तो श्रद्धेने मानी. १० जुलै १९६२ ला फ्रँकोने त्याला काढले आणि एकोणचाळीस वर्षांच्या फ्रागाला त्या खुर्चीत बसवले.

खात्याचे नाव पुन्हा एकदा ऐका: माहिती आणि पर्यटन. १९५१ मध्ये ही दोन्ही कामे एकाच खात्यात आणली गेली होती. परदेशातून माणूस आत यावा आणि परदेशातला मजकूर आत येऊ नये, याची जबाबदारी एकाच मंत्र्याची. फ्रागाने ही विसंगती सोडवण्याच्या भानगडीत न पडता ती वापरली.

पर्यटनाचे आकडे थक्क करणारे आहेत. १९६० मध्ये स्पेनमध्ये सुमारे साठ लाख परदेशी पाहुणे आले होते. १९६९ मध्ये ते दोन कोटींच्या वर गेले. देशाची स्वतःची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन कोटींच्या आसपास. याचे सगळे श्रेय फ्रागाला देणे अन्यायाचे होईल. १९५९ मध्ये अर्थखाते आणि व्यापारखाते सांभाळणाऱ्या मंत्र्यांनी पेसेताचे अवमूल्यन केले, डॉलरला बेचाळीसचा भाव साठ झाला आणि स्पेन स्वस्त झाला. उत्तर युरोपातल्या कामगाराला पगारी रजा मिळू लागली होती, भाड्याच्या विमानांच्या सहली निघू लागल्या होत्या. फ्रागाने या लाटेला दिशा दिली. जुने किल्ले, मठ, वाडे दुरुस्त करून त्यांत सरकारी निवासगृहे उघडण्याची योजना १९२८ पासूनची. त्याने तिचा झपाट्याने विस्तार केला. ‘स्पेन इज डिफरंट’ हे घोषवाक्य त्याच्या काळात युरोपभर भिंतींवर झळकले. पर्यटनातून येणाऱ्या परकीय चलनाने आयात-निर्यातीतली तूट भरून निघायला मोठी मदत झाली. त्याच वेळी दहा लाखांहून जास्त स्पॅनिश माणसे जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंडमध्ये मजुरीला गेली होती आणि तिथून पैसे पाठवत होती, हेही सांगायला हवे. तिकडचे लोक इकडे उन्हात पडायला येत होते आणि इकडचे लोक तिकडे कारखान्यांत राबायला जात होते.

समुद्रकिनारे भरत होते त्याच वर्षांत माद्रिदमध्ये काय चालले होते, ते आता बघू. फ्रागाच्या कारकिर्दीविषयी बोलताना बहुतेक जण एक तराजू आणतात. एका पारड्यात वृत्तपत्र कायदा, दुसऱ्या पारड्यात हुलियान ग्रिमाऊ. मला हा तराजू पसंत नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

हुलियान ग्रिमाऊ हा स्पेनच्या बेकायदा कम्युनिस्ट पक्षाचा पुढारी. यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या पोलिसांत होता. नंतर परागंदा झाला आणि गुप्तपणे देशात परतला. नोव्हेंबर १९६२ मध्ये माद्रिदला पकडला गेला. पुएर्ता देल सोल या चौकातल्या सुरक्षा मुख्यालयात चौकशी चालू असताना तो खिडकीतून खाली गल्लीत पडला. डोके फुटले, दोन्ही हात मोडले. त्याला फेकले की त्याने उडी मारली? माहितीमंत्री म्हणून उत्तर देण्याचे काम फ्रागाचे होते. त्याने सांगितले की कैद्याशी नीट वागणूक होत होती आणि त्याने स्वतःच, अचानक, उडी मारली. १८ एप्रिल १९६३ ला लष्करी न्यायालयात खटला चालला. आरोप पंचवीस वर्षांपूर्वीच्या युद्धातले. न्यायालयात कायद्याचा जाणकार म्हणून बसलेल्या अधिकाऱ्याकडे कायद्याची पदवीच नव्हती, हे पुढे उघड झाले. ख्रुश्चेव्हने फ्रँकोला पत्र पाठवून दयेची विनंती केली. युरोपभर मोर्चे निघाले. १९ तारखेला मंत्रिमंडळ बसले आणि मृत्युदंडाची शिक्षा कायम झाली. २० एप्रिलच्या पहाटे ग्रिमाऊला गोळ्या घालण्यात आल्या.

त्या मंत्रिमंडळात फ्रागा होता. त्याच्या खात्याने ग्रिमाऊच्या कथित गुन्ह्यांची पुस्तिका अनेक भाषांत छापून जगभर वाटली. परदेशी पत्रकारांपुढे त्याने स्वतः बाजू मांडली. हे त्याच्यावर लादलेले ओझे होते असे म्हणायला आधार नाही. पुढच्या आयुष्यातही त्याने त्या निर्णयाची पाठराखणच केली.

त्याच वर्षीची आणखी एक घटना मला ग्रिमाऊच्या प्रकरणाइतकीच बोलकी वाटते. शरद ऋतूत १०२ लेखक-कलावंतांनी फ्रागाला पत्र पाठवले. पहिली सही कवी-निबंधकार होसे बेर्गामिनची. अस्तुरियासच्या खाणकामगारांचा पोलिसांनी छळ केला, त्यांच्या बायकांचे केस भादरले, याची चौकशी करा, एवढीच मागणी. आरियास-सालगादोने अशा पत्राला केराची टोपली दाखवली असती. फ्रागाने उत्तर लिहिले आणि तेही छापून आणले. आरोप खोटे आहेत असे म्हणून तो पुढे लिहितो, की दोन बायकांचे केस कापले गेले असणे शक्य आहे; तसे झाले असेल तर ते वादग्रस्तच, पण त्या बायका पोलिसांना सतत चिथावत होत्या हे पाहता ते समजण्याजोगे आहे. बेर्गामिनला थोड्याच दिवसांत पुन्हा देश सोडावा लागला. या उत्तरातली भाषा पहा. तो चर्चा करतो आहे, मुद्द्याला मुद्दा देतो आहे, अगदी कबुलीही देतो आहे. आणि या सुसंस्कृत वाक्यरचनेच्या शेवटी त्या बायकांचे डोके भादरणे समजण्याजोगे ठरते. आधीच्या मंत्र्याची गप्प बसण्याची पद्धत जुनी होती. ही पद्धत नवी होती आणि जास्त परिणामकारक होती.

१९६४ मध्ये फ्रँकोच्या विजयाला पंचवीस वर्षे झाली. फ्रागाने त्या उत्सवाला ‘शांततेची पंचवीस वर्षे’ असे नाव दिले. तोवरच्या प्रचारात विजयाचा, धर्मयुद्धाचा घोष असे. आता भित्तिपत्रके, प्रदर्शने, टपाल तिकिटे, फ्रँकोवरचा चित्रपट, सगळीकडे शांतता आणि समृद्धी. ह्यू थॉमसचा यादवी युद्धाचा इतिहास आणि हर्बर्ट साउथवर्थचे फ्रँकोच्या ‘धर्मयुद्धा’ची मिथके तपासणारे पुस्तक पॅरिसमध्ये परागंदा स्पॅनिश प्रकाशकांनी काढले होते, आणि त्यांच्या प्रती चोरून देशात येत होत्या. फ्रागाने आपल्या खात्यात युद्धाच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र विभागच उघडला आणि रिकार्दो दे ला सिएर्वाला त्यावर नेमले. बंदी घातलेल्या पुस्तकांना सरकारने आता पुस्तकांनीही उत्तर द्यायचे ठरवले. बंदी मात्र उठवली नाही.

मग १९६६ साल आले.

१७ जानेवारीला अल्मेरिया प्रांतातल्या पालोमारेस गावावर अमेरिकेचे बी-५२ बॉम्बफेकी विमान आणि त्याला हवेत इंधन पुरवणारे विमान यांची टक्कर झाली. सात वैमानिक व कर्मचारी मेले. बी-५२ मध्ये चार हायड्रोजन बॉम्ब होते. तीन जमिनीवर पडले, चौथा समुद्रात. जमिनीवरच्या दोहोंमधली साधी स्फोटके फुटली आणि प्लुटोनियमची धूळ टोमॅटोच्या शेतांवर, घरांवर पसरली. अणुस्फोट झाला नाही. समुद्रातला बॉम्ब वर काढायला एप्रिल उजाडला; कुठे शोधायचे ते फ्रान्सिस्को सिमो या कोळ्याने दाखवले होते. दरम्यान उन्हाळी हंगामाच्या तोंडावर जगभरच्या वर्तमानपत्रांत किरणोत्साराच्या बातम्या. ८ मार्च १९६६ ला फ्रागा आणि अमेरिकेचा राजदूत एंजियर बिडल ड्यूक पालोमारेसच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरले, पोहले, कॅमेऱ्यांकडे बघून हात हलवले. ते चित्र जगभर पोचले. आजही फ्रागाचे नाव काढले की स्पॅनिश माणसाला आधी पोहण्याच्या चड्डीतला, पाण्याने निथळणारा मंत्री आठवतो.

लोक या प्रसंगाला हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. समुद्र खरोखरच सुरक्षित होता. पाण्यात पडलेला बॉम्ब फुटला नव्हता. धोका जमिनीवर होता, वाऱ्याने उडून फुप्फुसात जाणाऱ्या धुळीत होता. म्हणजे फ्रागाने दिलेले उत्तर खोटे नव्हते; ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होते. पर्यटकांचा प्रश्न होता, पोहायला यावे का? त्याचे उत्तर मंत्र्याने स्वतःच्या देहाने दिले. गावकऱ्यांचा प्रश्न होता, शेतात काय पडले आहे, आमच्या मुलांना काय होईल? त्याला उत्तर मिळाले नाही. अमेरिकी सैन्याने सुमारे चौदाशे टन माती आणि झाडोरा पिंपांत भरून जहाजाने अमेरिकेला नेला. पण सगळी दूषित माती गेली नाही. काही भागांना अजून कुंपण आहे. गावकऱ्यांच्या भरपाईसाठी मोर्चा काढणाऱ्या मेदिना सिदोनियाच्या डचेसला, लुइसा इसाबेल आल्वारेस दे तोलेदोला, पुढे तुरुंगात जावे लागले. माहिती आणि पर्यटन या दोन कामांचे लग्न कशासाठी लावले होते, ते त्या एका पोहण्यात कळते.

बरोबर दहा दिवसांनी, १८ मार्च १९६६ ला, वृत्तपत्र आणि मुद्रण कायदा आला. फ्रागाचे हे सर्वांत मोठे काम, आणि मी ते कमी लेखणार नाही.

आधीचा कायदा १९३८ चा, ऐन युद्धातला. त्यात प्रत्येक वर्तमानपत्राचा संपादक सरकार नेमी. प्रत्येक पान छपाईपूर्वी सेन्सॉरकडे जाई. काय छापू नये एवढेच नव्हे, काय छापावे, किती स्तंभांत, कोणत्या मथळ्याखाली, याचेही आदेश मंत्रालयातून येत. १९६६ च्या कायद्याने छपाईपूर्व सेन्सॉरशिप रद्द केली, आणीबाणी आणि युद्धाचा अपवाद ठेवून. संपादक नेमण्याचा अधिकार मालकांना दिला. फ्रागाच्या आठवणींत नोंद आहे की फ्रँकोने मंत्रिमंडळात सांगितले, माझा या स्वातंत्र्यावर विश्वास नाही, पण अनेक कारणांनी हे पाऊल टाकावे लागते आहे. कार्रेरो ब्लांकोसारख्या कडव्या सहकाऱ्यांचा विरोध पत्करून, चार वर्षे मसुद्यामागून मसुदे करून फ्रागाने हा कायदा मंजूर करवून घेतला. दुसरा कुणी मंत्री तो आणू शकला नसता.

आता कायद्याचे दुसरे कलम. लेखनस्वातंत्र्याला मर्यादा आहेत: सत्य आणि नीती यांचा आदर, ‘राष्ट्रीय चळवळी’च्या, म्हणजे फ्रँकोच्या एकमेव अधिकृत पक्षाच्या, मूलतत्त्वांवरची निष्ठा, देशाचे संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था, सरकारी संस्था आणि व्यक्तींवर टीका करताना पाळायचा आदर. या शब्दांत काय बसते आणि काय नाही हे ठरवणार मंत्रालय. अंक वाटण्यापूर्वी त्याच्या प्रती मंत्रालयात जमा करायच्या. आक्षेपार्ह वाटल्यास अंक जप्त, दंड, प्रकाशन काही महिने बंद. पुस्तकांच्या बाबतीत प्रकाशकाला आधी स्वखुशीने सल्ला मागण्याची सोय. न मागता छापले आणि जप्ती आली तर आख्खी आवृत्ती बुडाली. त्यामुळे बहुतेक प्रकाशक हस्तलिखित निमूटपणे सरकारकडे नेत राहिले.

दोर सैल सुटला होता, पण त्याचे टोक मंत्र्याच्याच हातात होते. जनावर किती चरले यावर लक्ष ठेवून तो दोर हवा तेव्हा आखडता येत होता. कायदा येऊन चार महिने होतात न होतात तोच, २१ जुलै १९६६ ला ‘आबेसे’ या राजनिष्ठ, सरकारधार्जिण्या दैनिकाचा अंक जप्त झाला, कारण लुईस मारिया आन्सोनने सर्वांची राजेशाही असा लेख लिहिला होता. १९६७ मध्ये दंडसंहितेत दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या कलमाचा भंग हा फौजदारी गुन्हा ठरला. १९६८ मध्ये सरकारी गुपितांचा कायदा आला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ‘माद्रिद’ या सायंदैनिकात राफाएल काल्वो सेरेरचा द गॉलविषयी लेख आला. म्हाताऱ्या सेनानीने वेळेवर पायउतार व्हावे, असा त्याचा आशय. कोणता सेनानी अभिप्रेत आहे ते माद्रिदमधल्या प्रत्येक वाचकाला कळले. वर्तमानपत्र आधी दोन महिने आणि मग आणखी दोन महिने बंद ठेवण्यात आले. फ्रागा गेल्यानंतर, १९७१ मध्ये, ते कायमचे बंद पडले आणि १९७३ मध्ये त्याची इमारत सुरुंग लावून पाडली गेली.

कादंबरीकार मिगेल देलिबेस वाय्यादोलिदच्या दैनिकाचा संपादक होता. मंत्रालयाच्या दबावामुळे १९६३ मध्ये त्याला ते पद सोडावे लागले होते. नव्या कायद्याविषयी तो म्हणाला त्याचा मथितार्थ असा: पूर्वी आम्हाला न वाटणारे लिहायला भाग पाडत, आता जे वाटते ते लिहायला मनाई करतात, तेव्हा काहीतरी कमावले म्हणायचे. पोळलेल्या माणसाचे हे मत आहे, आणि ते नेमके आहे. काहीतरी कमावले होतेच. ‘कुआदेर्नोस पारा एल दिआलोगो’, ‘त्रिउन्फो’ यांसारख्या नियतकालिकांनी त्या फटीत पाय घातला आणि फट रुंद केली. पण ती रुंद केली दंड भरणाऱ्या मालकांनी, नोकरी गमावणाऱ्या संपादकांनी, जप्त आवृत्त्यांचे कर्ज फेडणाऱ्या प्रकाशकांनी. पूर्वी सेन्सॉर मंत्रालयात बसे आणि त्याचा पगार सरकार देई. आता तो संपादकाच्या टेबलाशी येऊन बसला आणि त्याची किंमत वर्तमानपत्राने मोजायची होती. इतिहासात या कायद्याचे श्रेय एकट्या फ्रागाच्या नावावर मांडलेले मी वाचतो, तेव्हा मला या माणसांचा विसर पडलेला दिसतो आणि त्याचे मला दुःख होते.

शेवट लवकर आला. २० जानेवारी १९६९ ला एन्रिके रुआनो हा माद्रिदचा कायद्याचा विद्यार्थी पोलिसांच्या ताब्यात असताना सातव्या मजल्यावरून पडून मेला. सरकारने आत्महत्या म्हटले, आणि त्याच्या टिपणांतले निवडक तुकडे ‘आबेसे’त छापून आले, ज्यांवरून तो मनोरुग्ण वाटावा. ग्रिमाऊची खिडकी आठवल्याशिवाय राहत नाही. विद्यापीठे पेटली. चार दिवसांनी देशभर आणीबाणी जाहीर झाली. ती जाहीर करण्यासाठी पुढे आला फ्रागा, आणि त्याच्याच कायद्यातल्या अपवादाचा आधार घेऊन छपाईपूर्व सेन्सॉरशिप दोन महिने परत आली. उन्हाळ्यात मातेसा या कंपनीचा घोटाळा बाहेर पडला. यंत्रमाग निर्यात करतो असे दाखवून कंपनीने सरकारी बँकेकडून अब्जावधी पेसेतांची कर्जे उचलली होती, आणि तिचे लागेबांधे ओपुस देई या कॅथलिक संघटनेशी जवळीक असलेल्या मंत्र्यांशी होते. हे मंत्री फ्रागाचे प्रतिस्पर्धी. या वेळी वर्तमानपत्रांना हवे ते छापू दिले गेले. फ्रँकोला हे रुचले नाही. २९ ऑक्टोबर १९६९ च्या फेरबदलात फ्रागा घरी गेला आणि प्रतिस्पर्धी गट आणखी बळकट झाला.

पुढचे आयुष्य मोठे आहे, मी ते भरभर सांगतो. १९७३ ते १९७५ लंडनमध्ये राजदूत. फ्रँकोच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सरकारात गृहमंत्री. ३ मार्च १९७६ ला व्हितोरियात संपकरी कामगारांची सभा चालू असलेल्या चर्चमध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या; पाच कामगार मेले. त्या दिवशी फ्रागा जर्मनीत होता, पण पोलीस त्याच्या खात्याचे होते. जुलैमध्ये फ्रँकोनंतर गादीवर आलेल्या राजाने पंतप्रधानपदासाठी आडोल्फो सुआरेसची निवड केली आणि फ्रागाची संधी हुकली. त्याने जुन्या मंत्र्यांना घेऊन पक्ष काढला. तोच आजचा ‘पार्तिदो पोप्युलार’. १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये माद्रिदच्या एका क्लबात त्याने कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस सांतियागो कार्रिलोची वक्ता म्हणून ओळख करून दिली. कार्रिलो म्हणजे ग्रिमाऊच्या पक्षाचा प्रमुख, आणि स्वतः १९३६ च्या पाराकुएयोस हत्याकांडाच्या आरोपांनी घेरलेला. १९७८ ची राज्यघटना लिहिणाऱ्या सात जणांत फ्रागा होता; त्याच टेबलाशी होता कॅटलोनियाचा कम्युनिस्ट जोर्दी सोले तुरा, जो साठच्या दशकात बुखारेस्टहून चालणाऱ्या बंदी घातलेल्या रेडिओवर काम करत होता. १९९० ते २००५ फ्रागा गॅलिसियाचा निवडून आलेला मुख्यमंत्री राहिला. १५ जानेवारी २०१२ ला माद्रिदला वारला. फ्रँकोच्या राजवटीचा त्याने कधी निषेध केला नाही.

लोकशाहीतल्या या कामाचे मोल मी मानतो. फ्रँकोच्या अनुयायांना मतपेटीकडे वळवणे सोपे नव्हते, आणि फ्रागाइतका अधिकार दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पण त्या कामाच्या आधारे साठच्या दशकातल्या मंत्र्याला सुधारक म्हणून वेगळे काढायचे आणि ग्रिमाऊची फाईल त्या काळाच्या माथी मारायची, हे मला मान्य नाही. मघाशी तराजू नको म्हणालो ते यासाठी. पारड्यात घालायच्या त्या दोन वेगळ्या वस्तू नाहीतच. ग्रिमाऊविरुद्धची पुस्तिका आणि वृत्तपत्रांचा कायदा एकाच टेबलावर, एकाच बुद्धीने, एकाच हेतूने तयार झाले. हेतू होता ही राजवट युरोपात तोंड दाखवण्याजोगी करणे आणि तिला टिकवणे. पुस्तिकेत त्याची वकिली आहे, कायद्यात त्याची दूरदृष्टी आहे. राजवटीला दोन्हींची गरज होती, आणि दोन्ही पुरवणारा माणूस तिला मिळाला म्हणून ती आणखी तेरा वर्षे जगली, असे माझे मत आहे. दुबळा मंत्री असता तर ती आधी कोसळली असती की अधिक रक्त सांडले असते, यावर वाद होऊ शकतो. ग्रिमाऊच्या शिक्षेला मान्यता देणाऱ्या बैठकीत राजीनामा देणे शक्य होते, यावर मात्र वाद होऊ शकत नाही. फ्रँकोच्या राज्यात त्यासाठी मंत्र्याला तुरुंग नव्हता. प्राध्यापकाची खुर्ची होती.

सुआरेसच्या सरकारने एप्रिल १९७७ मध्ये वटहुकूम काढून वृत्तपत्र कायद्याचे दुसरे कलम रद्द केले. १९६६ च्या कायद्यातल्या काही तरतुदी लोकशाहीतही वापरात राहिल्या, आणि सरकारी गुपितांचा १९६८ चा कायदा लोकशाहीतही दशकानुदशके लागू राहिला. ग्रिमाऊच्या कुटुंबाने खटला पुन्हा उघडण्यासाठी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी खंडपीठाने १९९० मध्ये फेटाळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पेनच्या संसदेने लोकशाही स्मृतीचा कायदा केला आणि फ्रँकोच्या लष्करी न्यायालयांनी राजकीय कारणांसाठी दिलेल्या शिक्षा बेकायदा आणि शून्यवत ठरवल्या. हुलियान ग्रिमाऊची शिक्षा त्यांपैकी एक आहे. ती रद्द ठरली तेव्हा फ्रागाला जाऊन दहा वर्षे झाली होती.